डुकरांना लस दिली म्हणजे काळजी मिटली का? एक ताप लसीने थांबतो, दुसरा थांबत नाही

कुळगी (ता. जोयडा) : गाई-म्हशींना वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्यायची, हे दांडेली, जोयडा, हल्याळ, खानापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला आता वेगळं सांगावं लागत नाही. डुकरालाही लस असते म्हटलं की मात्र समोरचा माणूस हसतो. उष्ट्या-खरकट्यावर वाढणारं जनावर, त्याला कसली आलीय लस, असा एक समज आहे. दुसरा समज त्याहून महागात पडणारा आहे. एकदा लस टोचली की डुक्कर आता कुठल्याच तापाने मरणार नाही, असं धरून चालायचं.

दोन्ही समज चुकीचे आहेत. डुकरांना होणाऱ्या मोठ्या साथींपैकी काहींवर चांगली लस आहे, स्वस्त आहे आणि सरकारी कार्यक्रमातून मोफतही मिळते. पण एक ताप असा आहे, ज्यावर आपल्या देशात वापरायला लस नाही. आणि गंमत अशी, की लस असलेला ताप आणि लस नसलेला ताप बाहेरून अगदी सारखे दिसतात. म्हणून लसीचा फायदा कुठपर्यंत आणि त्यापुढे काय करायचं, हे दोन्ही समजून घ्यायला हवं.

कुळगीसारख्या गावांचा प्रश्न वेगळा का

कुळगी हे दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातलं गाव. बाहेरच्या लोकांना ते वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे माहीत आहे. इथे आणि आसपासच्या वाड्यांवर पाळीव जनावर आणि जंगली जनावर यांच्यामध्ये भिंत नाही. रानडुकरं रात्री शेतात उतरतात, कणगी-सुरण उकरतात, आणि सकाळी त्याच बांधावरून गावातली जनावरं चरायला जातात. डुकरांचे बहुतेक साथरोग पाळीव डुकराला आणि रानडुकराला सारखेच होतात. त्यामुळे एखाद्या घरची मोकळी सोडलेली दोन डुकरं हा फक्त त्या घरचा प्रश्न राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उष्टं अन्न. दांडेली, गणेशगुडी, जोयडा या भागात काळी नदीच्या काठाने रिसॉर्ट आणि होमस्टे उभे राहिले आहेत. पर्यटकांच्या ताटातलं उरलेलं अन्न, त्यातले मांसाचे तुकडे, कुठून आलेल्या मटणाचे किंवा पोर्कचे हे कोणालाच माहीत नसतं. तेच बादलीतून डुकरांपुढे गेलं, तर शेकडो किलोमीटर दूरचा विषाणू जोयड्याच्या जंगलात यायला एक दिवस पुरतो.

तिसरी गोष्ट सीमेची. रामनगरहून अनमोड घाट उतरला की गोवा. गोव्यात डुकराच्या मांसाला कायमची मागणी आहे. सोरपोतेल आणि चोरिसाशिवाय तिथला सण होत नाही. गोव्याची स्वतःची देशी जातही आहे. काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावावरून ‘आगोंदा गोवन’ म्हणून तिची राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली आहे. पिल्लं, मोठी डुकरं आणि मांस, हे सगळं राज्यांच्या हद्दी ओलांडून जाऊ शकतं, आणि रोग त्यांच्याबरोबरच प्रवास करतो.

तीन नावं, तीन वेगळे रोग

पहिला गोंधळ नावांचा आहे. स्वाइन फ्लू, क्लासिकल स्वाइन फिव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर ही तीन नावं ऐकायला एकाच घरातली वाटतात. प्रत्यक्षात तिन्ही विषाणू वेगळ्या कुळातले आहेत.

स्वाइन फ्लू हा माणसांना होणारा ताप म्हणून आपल्याला आठवतो. 2009 च्या ऑगस्टमध्ये देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा शाळा-थिएटरं बंद झाली होती. ती साथ माणसाकडून माणसाकडे पसरत होती. बाकीचे दोन्ही ‘फिव्हर’ माणसाला होत नाहीत. उत्तर कन्नडच्या लोकांना माकडताप माहीत आहे. तो माणसाला होतो, जीवही घेतो. त्यामुळे नावात प्राणी आला की लोक घाबरतात, ते स्वाभाविक आहे. पण क्लासिकल किंवा आफ्रिकन स्वाइन फिव्हर झालेल्या डुकराजवळ गेल्याने माणूस आजारी पडत नाही. माणूस करतो ते वेगळंच. चपलांना, हातांना, टेम्पोच्या चाकांना लागलेला विषाणू तो दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतो.

जुना ताप, जुनी लस आणि नवी लस

क्लासिकल स्वाइन फिव्हरची भारतातली पहिली नोंद 1944 ची, अलीगढची. त्यानंतर तो देशभर पसरला आणि मुरला. डुकराला 105 अंश फॅरनहाइटच्या वर ताप येतो, ते खाणं सोडतं, डुकरं एकमेकांच्या अंगावर चढून एका कोपऱ्यात पडून राहतात. डोळ्यांतून चिकट पाणी येतं. आधी बद्धकोष्ठ, मग हगवण. कान, पोट, मांड्यांच्या आतली कातडी लाल-जांभळी पडते. मागचे पाय लटपटतात. कोवळी पिल्लं फार वाचत नाहीत. गाभण डुकरीण गाभ टाकते किंवा मेलेली, सुकलेली पिल्लं देते. काही वेळा रोग सौम्य दिसतो, डुक्कर फक्त खंगत जातं आणि आठवडेच्या आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतं. तेच जास्त धोक्याचं.

या रोगाची आपल्याकडची जुनी लस सशांवर वाढवलेली आहे. सशाच्या अंगात विषाणू वाढवून तो दुबळा करायचा आणि त्याच्या प्लीहेपासून लस काढायची, अशी ती पद्धत. एका सशापासून जेमतेम 50 डोस मिळतात. देशाची गरज वर्षाला सुमारे 2 कोटी 20 लाख डोसांची, आणि या पद्धतीने तयार होत होते 12 लाखांच्या आसपास. म्हणजे शंभर डुकरांमागे पाच-सहांना पुरेल एवढीच लस. ‘आमच्याकडे डुकराची लस कधी आलीच नाही’ असं शेतकरी म्हणायचा त्यामागे हे साधं गणित होतं.

उत्तर प्रदेशात इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने, म्हणजे आयव्हीआरआयने, ही अडचण सोडवली. (1889 मध्ये ही संस्था सुरू झाली ती पुण्यात, नंतर ती उत्तरेकडे हलली.) सशांऐवजी प्रयोगशाळेतल्या पेशींवर लस वाढवायची पद्धत तिथे बसवली गेली, आणि देशी विषाणूपासूनच तयार केलेली नवी लस फेब्रुवारी 2020 मध्ये जाहीर झाली. जुनी लस डोसमागे पंधरा-वीस रुपयांना, परदेशी लस तीसच्या आसपास. नवीचा खर्च दोन रुपयांच्या आत येईल असं तेव्हा सांगण्यात आलं. चाचण्यांमध्ये टोचल्यापासून 14 व्या दिवशी संरक्षण सुरू झालं आणि 18 महिन्यांपर्यंत टिकलेलं दिसलं.

केंद्राच्या पशुआरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमात आता क्लासिकल स्वाइन फिव्हरचं लसीकरण घेतलेलं आहे आणि त्याचा खर्च केंद्र उचलतं. म्हणजे कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, कुठल्याही बाजूला असा, सरकारी दवाखान्यात या लसीची मागणी नोंदवायचा हक्क आहे.

कधी द्यायची

लस दिलेल्या डुकरिणीच्या पिल्लांना चिकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती पहिले काही आठवडे पिल्लाला सांभाळते, पण त्याच काळात लस टोचली तर आईकडून आलेली शक्ती लसीलाच मारून टाकते. सुई गेली, नोंद झाली, फायदा शून्य. म्हणून अशा पिल्लांना पहिला डोस साधारण दोन महिन्यांचं झाल्यावर देतात. डुकरिणीला लस दिलेलीच नसेल तर लवकर द्यायची का, ते डॉक्टर ठरवतात. त्यांना आईच्या लसीची तारीख सांगता आली पाहिजे, म्हणून ती कुठेतरी लिहून ठेवावी. भिंतीवर कोळशाने लिहिली तरी चालेल.

मांसासाठी वाढवलेलं डुक्कर आठ-दहा महिन्यांत विकलं जातं, त्यामुळे वेळेवर दिलेला डोस बहुतेक वेळा त्याच्या आयुष्याला पुरतो. पैदाशीच्या डुकरिणी आणि नर यांना मात्र पुन्हा पुन्हा द्यावी लागते. किती महिन्यांनी, ते कुठली लस वापरली त्यावर आहे. डुकरिणीला नर दाखवण्याच्या आधी लस देणं सोयीचं. गाभण असताना द्यायची झाली तर डॉक्टरला आधी तसं सांगायचं, लपवायचं नाही. ताप असलेल्या, खाणं सोडलेल्या डुकराला लस देऊ नये. लसीआधी आठ-दहा दिवस जंताचं औषध दिलेलं चांगलं. पोटात जंत भरलेल्या जनावरात लस नीट लागत नाही.

दुसरी लस, लाळ्या-खुरकुताची

लाळ्या-खुरकूत हा गाई-म्हशींचा रोग अशी आपली समजूत. पण खूर दुभंगलेल्या सगळ्याच जनावरांना तो होतो, डुकरालाही. डुकराच्या नाकाडावर आणि खुरांच्या मध्ये फोड येतात, ते लंगडतं, कधी खूरच गळून पडतो. मोठं डुक्कर सहसा मरत नाही, पिल्लं मात्र हृदयावर परिणाम होऊन पटापट मरतात.

या रोगात डुकराची एक खासियत आहे. आजारी डुक्कर श्वासातून जेवढा विषाणू हवेत सोडतं, तेवढा गाय सोडत नाही. जोयडा-हल्याळ भागात गवळी धनगरांच्या वाड्या आहेत, मराठी बोलणारे, म्हशींवर जगणारे लोक. त्यांच्या म्हशींना लस झाली आणि शेजारच्या वस्तीतली डुकरं तशीच राहिली, तर त्या लसीकरणाला भोक पडलं असंच म्हणायचं.

सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांच्याबरोबर डुकरांचंही नाव आहे. लस सहा-सहा महिन्यांनी घ्यायची असते, पहिल्यांदा घेतली तर महिन्याभराने बूस्टर. गावात गुरांच्या लसीकरणाची टीम आली की ‘माझी चार डुकरंही लिहून घ्या’ असं सांगायला संकोच करू नये. याशिवाय काही भागात पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्पाच्या जातीच्या रोगावर लस देतात. आपल्या भागात तो आहे का, हे दवाखान्यात विचारून घ्यावं.

ज्यावर लस नाही, तो ताप

आता आफ्रिकन स्वाइन फिव्हर. 1921 मध्ये केनियातून त्याचं पहिलं वर्णन आलं. 2007 ला तो जॉर्जियात, 2018 ला चीनमध्ये आणि 2020 च्या मे महिन्यात आसाम-अरुणाचलात निघाल्याचं नक्की झालं. जुलै 2022 मध्ये तो केरळच्या वायनाडमध्ये पोचला. जानेवारी 2023 मध्ये तमिळनाडूच्या मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पात रानडुकरं मरायला लागली, तपासणीत हाच रोग निघाला. मुदुमलाईला लागून कर्नाटकाचं बंदीपूर आहे. सह्याद्रीचं जंगल तिथून काळी खोऱ्यापर्यंत येतं, हे नकाशा पाहिला की कळतं.

लक्षणं जवळजवळ तीच. जोराचा ताप, जांभळे कान, लटपटणं, रक्ताची हगवण, गाभ टाकणं. फरक वेगात आहे. काल धडधाकट असलेलं डुक्कर आज मेलेलं सापडतं, लहान-मोठं असा भेद नसतो, आणि शंभरातली नव्वदच्या वर मरू शकतात. डोळ्यांनी पाहून हा ताप कुठला ते सांगणं अनुभवी डॉक्टरलाही जमत नाही. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. कर्नाटकातला नमुना बेंगळुरूकडे जातो, महाराष्ट्रातला पुण्यात औंधला, आणि आफ्रिकन तापावर शेवटचं शिक्कामोर्तब भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होतं.

लस का नाही? हा विषाणू मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं त्याला नीट अडवू शकत नाहीत. दुबळा केलेला जिवंत विषाणू लस म्हणून द्यावा तर तो पुन्हा ताकद धरेल अशी भीती. व्हिएतनामने 2022 मध्ये अशा लसीला परवानगी दिली. लस टोचलेली डुकरं काही ठिकाणी मेल्यावर वापर थांबवावा लागला, आणि 2023 मध्ये बंधनं घालून पुन्हा सुरू झाला. भारतात कोणी ‘आफ्रिकन तापाची लस’ म्हणून बाटली विकायला आला तर ती घेऊ नये.

इथेच लस टोचलेल्या शेतकऱ्याची फसगत होते. ‘माझ्या डुकराला स्वाइन फिव्हरची लस झालीय, म्हणजे हा साधा ताप’ असं म्हणून तो दोन दिवस थांबतो. खरं तर उलट विचार करायला हवा. क्लासिकलची लस नीट झालेली असताना डुकरं पटापट मरत असतील, तर संशय आफ्रिकनवर जातो आणि त्याच तासाला फोन करायला हवा. लसीच्या नोंदीचा हा दुसरा उपयोग आहे, डॉक्टरला निदानाची दिशा मिळते.

लस नाही, तिथे काय उरतं

चार गोष्टी उरतात, आणि चारही घरच्या घरी करण्यासारख्या आहेत.

पहिली, डुकरं बांधलेली. कुंपण असं हवं की रानडुकराचं नाकाड पाळीव डुकराच्या नाकाडाला लागणार नाही. जर्मनीत 1990 च्या दशकापासून रानडुकरांसाठी खाण्याच्या आमिषात क्लासिकलची लस घालून जंगलात पेरली गेली. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे इथे कुंपण हीच लस.

दुसरी, उष्टं. हॉटेलातलं, लग्नातलं अन्न द्यायचंच असेल तर सतत ढवळत तासभर उकळून. डुकराचं मांस असलेलं उष्टं तर देऊच नये. थंडीत, बर्फात, मिठात आणि धुरात हा विषाणू बरेच महिने टिकतो, त्यामुळे खारवलेलं किंवा धुरावलेलं मांस म्हणजे निर्धोक असं धरू नये.

तिसरी, नवीन डुक्कर. बाजारातून आणलेलं पिल्लू थेट कळपात सोडायचं नाही. तीन-चार आठवडे वेगळं बांधायचं, त्याचं खाणं-पाणी करणारा माणूस शेवटी तिकडे जाईल असं पाहायचं.

चौथी, सुई. साथीच्या संशयात घरोघर फिरून एकाच सुईने इंजेक्शन देणं म्हणजे रोग स्वतःच्या हाताने वाटणं. लसीकरणाच्या वेळीही प्रत्येक जनावराला नवी सुई मागायची. त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

मोफत लसीचाही खर्च असतो

जोयडा हा उत्तर कन्नडातला आकाराने सगळ्यात मोठा तालुका, आणि वस्ती विरळ. लस दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागते. एका कुपीत बरेच डोस असतात; पाणी घालून कुपी तयार केली की ती बर्फात ठेवून एक-दोन तासांत संपवायची, उरली तर फेकायची. दोन डुकरांसाठी कुपी फोडणं कुठल्याच दवाखान्याला परवडत नाही.

समजा, एका घरी दोन डुकरिणी आणि त्यांची सोळा पिल्लं आहेत. अठरा डोस. वीस रुपयांच्या भावाने बाजारातून घेतले तरी 360 रुपये. एका पिल्लाची किंमत याहून कितीतरी जास्त असते. म्हणजे नड पैशाची कमी आणि जुळवाजुळवीची जास्त. तीन-चार वाड्यांनी मिळून आकडा काढला, पंचायतीतून एक दिवस ठरवून घेतला, डुकरं आदल्या रात्रीच बांधून ठेवली, तर एका फेरीत काम होतं. मोकळं डुक्कर पकडण्यात अर्धा दिवस गेला की बर्फ विरघळतो आणि लस वाया जाते.

लस झाली की कानात टॅग मारून घ्यावा. ‘भारत पशुधन’ नोंदीतला बारा आकडी नंबर देशभर चालतो. दाखला कन्नडमध्ये असो की मराठीत, तो नंबर अनमोडच्या अलीकडे-पलीकडे एकच.

डुक्कर मेलं तर

मेलेलं डुक्कर जंगलात टाकायचं नाही, नदीत सोडायचं नाही, कापून वाटायचं तर नाहीच. आजारी डुक्कर मरायच्या आधी कापून पैसे सोडवावेत, हा मोह समजण्यासारखा आहे. पण त्या मांसाच्या पिशवीतूनच साथ पुढच्या गावात जाते. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं आणि 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवायचं. जंगलात मेलेलं रानडुक्कर दिसलं तर हात न लावता वनखात्याला सांगायचं.

कळवणं हे 2009 च्या केंद्रीय कायद्याने मालकावर आणि पंचायतीवरही बंधनकारक आहे. कळवलं की सगळी डुकरं मारतील, ही भीती खरी आहे. आफ्रिकन ताप नक्की झाला तर त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या डुकरांची, वजनाप्रमाणे. आधीच मेलेल्याची मिळत नाही. जो चार दिवस लपवतो, त्याची डुकरंही जातात आणि भरपाईही.

अमेरिकेने क्लासिकल स्वाइन फिव्हर 1962 ते 1978 अशी सोळा वर्षं मोहीम चालवून देशातून हद्दपार केला. तिथेही नुसत्या लसीने काम झालं नव्हतं. आजारी कळप शोधणं, वाहतूक रोखणं आणि उष्टं उकळणं याला तेवढंच महत्त्व होतं. आपल्याकडे 2019 च्या पशुगणनेत डुकरं 90 लाखांच्या घरात होती, सात वर्षांत 12 टक्के कमी झालेली. जी उरलीत ती बहुतेक अशाच दोन-चार डुकरं पाळणाऱ्या घरांत आहेत. पाऊस लागला की कुळगीसारख्या वाड्यांवर गाडी पोचणं अवघड होतं. त्यामुळे आकडा काढून दवाखान्यात मागणी द्यायची ती त्याआधीच.